शेवट माहीत असतानाची घालमेल

माझी आत्या कादंबरी नेहमी शेवटाकडून सुरू करायची. आमच्या गावातल्या सर्क्युलेटिंग लायब्ररीतून ती आठवड्याला दोन पुस्तके आणायची. त्यांना खाकी कागदाचे कव्हर असायचे आणि पुठ्ठ्याच्या आत चिकटवलेल्या चिठ्ठीवर जांभळ्या शाईचे तारखांचे शिक्के एकाखाली एक उमटलेले असायचे. घरी आल्यावर ती आधी शेवटची दोन पाने वाचायची, समाधानाने मान हलवायची आणि मगच पहिल्या पानाकडे वळायची. शेवट कळल्यावर वाचण्यासारखे उरते तरी काय, असे मी तिला एकदा विचारले होते. ‘अगं, ती दोघं एकत्र येतात ना, तेवढं बघून घेते. मग रडायला मोकळी,’ ती म्हणाली. मी तेव्हा चौदा-पंधरा वर्षांची होते आणि ते उत्तर मला अगदीच भाबडे वाटले होते. त्यानंतर इतकी वर्षे प्रेमकादंबऱ्या वाचल्यावर मला असे वाटते की, या कादंबऱ्यांतल्या भावनिक घालमेलीबद्दल इतके नेमके मी दुसरीकडे कुठेच वाचलेले नाही.

रहस्यकथेत शेवट फुटला की वाचकाचा रस संपतो, पण प्रेमकादंबरीचा शेवट तर पुस्तक हातात घेण्याआधीच ठाऊक असतो. अमेरिकेतल्या रोमान्स लेखकांच्या संघटनेने या प्रकाराची जी व्याख्या केली, तिच्यातही दोनच अटी होत्या: प्रेमकथा मध्यवर्ती असावी आणि शेवट मनाला समाधान देणारा, आशादायक असावा. म्हणजे ‘काय होणार’ हा प्रश्न लेखकाच्या हातून आधीच काढून घेतलेला असतो, आणि ‘हे दोन जीव तिथवर कोणत्या अवस्थेत पोहोचणार’ एवढाच प्रश्न त्याच्याकडे उरतो. घालमेल ही या कादंबरीला वरून दिलेली फोडणी नव्हे. तिचा सगळा ऐवजच तो असतो. पामेला रेजिस या अमेरिकी अभ्यासक बाईंनी २००३ साली प्रेमकादंबरीवर एक पुस्तक लिहिले आणि या प्रकाराचे आठ आवश्यक घटक सांगितले. त्यांत दोघांमधला अडथळा हा एक आहे, आणि आता हे मीलन कधीच होणार नाही असे वाटायला लावणारा, जणू प्रेमाच्या मरणाचा क्षण हा दुसरा. शेवट गोड होणार हे पक्के ठाऊक असूनही त्या क्षणी वाचणारीच्या घशाशी आवंढा यावा लागतो. तो आला नाही, तर ती कादंबरी फसली असे मी खुशाल समजते.

आपल्या भाषेत या अवस्थांना किती वेगवेगळी नावे आहेत! जीव टांगणीला लागतो तेव्हा अजून आशा असते. तगमग होते तेव्हा अंग स्वस्थ बसू देत नाही. हुरहुर संध्याकाळी लागते आणि तिला कारण सांगता येत नाही. दुसऱ्याचे दुःख पाहून पोटात कालवाकालव होते. आणि घालमेलीत दोन विरुद्ध भावना एकाच वेळी ढवळून निघतात. चांगला लेखक यांतली नेमकी कोणती अवस्था आहे हे ओळखतो, आणि तिचे नाव न घेता ती दाखवतो. ज्या कादंबरीत नायिकेच्या मनात दर दहा पानांनी ‘भावनांचे वादळ’ उठते, तिच्या लेखकाने त्या मनात डोकावून पाहिलेलेच नसते.

इंग्रज लेखिका जेन ऑस्टेनची ‘पर्स्युएशन’ ही कादंबरी मला या बाबतीत सर्वांत जवळची वाटते. डिसेंबर १८१७ मध्ये, म्हणजे तिच्या मृत्यूनंतर पाच महिन्यांनी, ही कादंबरी प्रसिद्ध झाली. तिची नायिका ॲन एलियट सत्तावीस वर्षांची आहे, आणि त्या काळाच्या हिशेबाने तिचे लग्नाचे वय उलटून चालले आहे. एकोणीस वर्षांची असताना फ्रेडरिक वेंटवर्थ या नौदलातल्या तरुणाशी तिचे लग्न ठरले होते. त्याच्याजवळ ना पैसा होता ना कुणाचा आधार, म्हणून आईच्या जागी असलेल्या लेडी रसेलने तिचे मन वळवले आणि ॲनने ते लग्न मोडले. कादंबरी सुरू होते तेव्हा या गोष्टीला सात वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. वेंटवर्थ आता कॅप्टन झाला आहे, युद्धात शत्रूची जहाजे पकडून त्याने पंचवीस हजार पौंड मिळवले आहेत, आणि तो लग्नासाठी मुलगी शोधतो आहे. फक्त ती ॲन नसावी, असे त्याने मनाशी ठरवले आहे.

या सगळ्यात खलनायक कुणी नाही, आणि एका वाक्याने दूर होईल असा गैरसमजही नाही. कितीतरी प्रेमकादंबऱ्यांत नायक-नायिका तीनशे पाने झुरत राहतात, आणि ती का, तर त्याने तिला तिच्या मावसभावाबरोबर पाहिले आणि ‘हा कोण?’ एवढे विचारले नाही म्हणून! अशा घालमेलीचा मला राग येतो, कारण ती त्या माणसांतून आलेली नसते, लेखकाने बाहेरून आणून त्यांच्यावर लादलेली असते. ॲनचा अडथळा मात्र ॲनच्याच हातचा आहे, आणि तिचा पश्चात्तापसुद्धा सरळ नाही. लेडी रसेलचा सल्ला चुकीचा होता असे तिला वाटते, आणि तरीही आईसारख्या बाईचे ऐकले यात आपले चुकले नाही असेही तिला वाटते. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि त्या मनात घेऊन ती इतकी वर्षे जगली आहे. वडीलधाऱ्यांच्या शब्दाखातर एखादे नाते सोडून दिलेल्या बायका आपल्याकडेही घरोघरी आहेत. त्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही.

आता एक प्रसंग जवळून पाहण्यासारखा आहे. ॲन आजारी भाच्याच्या सोफ्याजवळ गुडघ्यांवर बसली आहे. त्याचा दोन वर्षांचा धाकटा भाऊ मागून तिच्या पाठीवर चढतो आणि गळ्याला मिठी मारून बसतो. ती रागावते, विनवते, पण तो सुटत नाही. खोलीतला दुसरा एक पुरुष मुलाला तोंडानेच हाका मारत बसून राहतो. आणि मग तिच्या लक्षात येते की, पाठीवरचे ओझे हलके होते आहे, मानेभोवतीचे ते चिमुकले घट्ट हात कुणीतरी सोडवते आहे. मूल बाजूला नेले गेल्यावर तिला कळते की, ते वेंटवर्थने केले. तिच्या तोंडून आभाराचा शब्दही फुटत नाही, आणि तिने आभार मानू नयेत म्हणून तो मुद्दाम मुलाशी मोठमोठ्याने खेळू लागतो. बस, एवढेच. प्रेमाचा उल्लेख नाही, नजरानजर नाही, त्याचा हात तिला लागला असेल तर तो मुलाला सोडवतानाच. पण ती खोलीबाहेर निघून जाते, एवढ्या क्षुल्लक गोष्टीने आपण इतके हलून जावे याची तिला लाज वाटते, आणि सावरायला तिला बराच वेळ एकान्त लागतो. हा माणूस आपल्याला क्षमा करू शकत नाही, आणि आपल्याला त्रास होताना बघूही शकत नाही, हे तिला पुढच्या प्रकरणात, चालून थकलेल्या तिला तो गाडीत चढवतो तेव्हा उमगते; पण त्याची सुरुवात या कृतीत आहे. मी ही पाने पहिल्यांदा वाचली तेव्हा पुस्तक मिटून गॅलरीत जाऊन उभी राहिले होते.

या कादंबरीच्या शेवटाची हकीकत तर मला तिच्या कथानकाइतकीच मोलाची वाटते. ऑस्टेनने जुलै १८१६ मध्ये ती एकदा संपवली होती. त्या पहिल्या शेवटात वेंटवर्थचे मेहुणे ॲडमिरल क्रॉफ्ट ॲनला रस्त्यात गाठून आपल्या घरी घेऊन जातात. तिचे लग्न दुसरीकडे ठरल्याची अफवा असते, आणि ती खरी आहे का, हे विचारण्याचे काम ते नेमके वेंटवर्थवरच सोपवतात. ती नाही म्हणते आणि दोघांचे जुळते. ऑस्टेनच्या भाच्याने पुढे लिहिलेल्या तिच्या चरित्रात असे म्हटले आहे की, हा शेवट तिला सपक वाटत होता आणि एका रात्री ती त्याच रुखरुखीत झोपायला गेली. मग तिने तो काढून टाकला आणि नव्याने लिहिला. रद्द केलेली ती प्रकरणे तिच्या हस्ताक्षरात ब्रिटिश लायब्ररीत आजही जपून ठेवलेली आहेत.

नव्या शेवटात इंग्लंडमधल्या बाथ या शहरातल्या व्हाइट हार्ट या खानावळीतली एक गजबजलेली खोली आहे. वेंटवर्थ मेजाशी पत्र लिहीत बसला आहे. खिडकीपाशी ॲन आणि त्याचा मित्र हार्विल बोलत उभे आहेत. हार्विलची बहीण वारली आहे आणि तिचा वाग्दत्त पती वर्षभरातच दुसरीशी लग्न करायला निघाला आहे. लवकर कोण विसरते, पुरुष की बाई, असा वाद त्या दोघांत सौम्यपणे चालतो. मध्येच काहीतरी वाजते, आणि ॲन पाहते तर वेंटवर्थच्या हातून फक्त लेखणी खाली पडलेली असते. ती बोलत राहते. आशा उरली नसतानाही सर्वांत जास्त काळ प्रेम करत राहणे हे बायकांच्या वाट्याला आले आहे, असे ती म्हणते, आणि म्हणताना तिचा कंठ दाटून येतो. थोड्या वेळाने वेंटवर्थ निघून जातो, हातमोजे विसरल्याच्या निमित्ताने परत येतो, आणि कागदांच्या पसाऱ्याखालून एक पत्र काढून तिच्यासमोर ठेवतो.

आपल्याकडे ना. सी. फडके यांनी ‘प्रतिभासाधन’सारख्या पुस्तकातून कादंबरीच्या तंत्राचा विचार मांडला, आणि गुंतागुंत, निरगाठ, उकल हे शब्द आपण कथानकाविषयी बोलताना सहज वापरतो. ऑस्टेनच्या पहिल्या शेवटातही उकल होतीच, पण गाठ सोडवणारा हात ॲडमिरलचा होता. सगळी कादंबरीभर जी बाई गप्प राहिली, जिला कुणी काही विचारले नाही, तिची घालमेल एका भल्या म्हाताऱ्याच्या खटपटीने संपली असती. नव्या शेवटात ती स्वतः बोलते, तेही त्याला उद्देशून नव्हे, आणि तिच्याच शब्दांनी गाठ सुटते. घालमेल ज्या मनातून सुरू झाली त्याच मनाच्या बळावर ती संपली पाहिजे, ही गोष्ट मी या दोन शेवटांतल्या फरकातून शिकले.

एका गोष्टीबद्दल मात्र मला तळमळीने लिहावेसे वाटते. नायिकेला धमकावणारा, तिला कोंडून ठेवणारा, तिचा अपमान करून मग तिला जवळ ओढणारा नायक आणि त्यामुळे तिला होणारा छळ हा ‘उत्कट भावनिक संघर्ष’ म्हणून विकला जातो, आणि तरुण मुली तो प्रेम समजून वाचतात. भीती आणि घालमेल या वेगळ्या गोष्टी आहेत. घालमेलीत दोन्ही बाजूंना मन असते. वेंटवर्थ रागावलेला असतो, कधीकधी कठोरही होतो, पण मुलाचे हात सोडवायला तोच पुढे येतो.

आत्याला इंग्रजी वाचता येत नाही. मागच्या पावसाळ्यात मी तिच्याकडे राहायला गेले होते, तेव्हा रोज संध्याकाळी थोडी थोडी करत ही कादंबरी मी तिला मराठीत सांगितली. पहिल्याच दिवशी तिने विचारले, ‘शेवटी एकत्र येतात ना?’ येतात, म्हणून सांगितले, तेव्हा कुठे ती ऐकायला बसली. इतकी वर्षे ॲनने हे कुणालाच सांगितले नाही का, असे तिने दोन-तीनदा विचारले. व्हाइट हार्टच्या प्रसंगापर्यंत पोहोचलो त्या दिवशी ती परातीत मेथी निवडत होती. खिडकीपाशी चाललेले बोलणे मी सांगत होते, आणि लेखणी पडल्याचे मी नुसते म्हटले तेवढ्यात तिचा हात थांबला.

‘त्यानं ऐकलं,’ आत्या म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते, आणि पत्राचे तर मी अजून सांगायचेच होते.