कुलर चालू असताना मोजलेलं लोखंड

नागपूरच्या धरमपेठेत लक्ष्मीभुवन चौकातून आत वळलं की एका दुसऱ्या मजल्यावर आमचा हॉल आहे. भाडं परवडावं म्हणून चौघांनी मिळून घेतलेला. मी स्ट्रक्चरल ड्रॉइंगवरून लोखंड काढते. कोणत्या कॉलमला, कोणत्या बीमला किती जाडीच्या, किती लांबीच्या आणि किती सळया लागतील, रिंगा किती, याची यादी करते. साइटवर तिला बीबीएस, म्हणजे बार बेंडिंग शेड्यूल, म्हणतात. माझ्या उजव्या हाताला गृहकर्जाची कामं करणारे भाऊ बसतात. पलीकडे विम्याचं काम पाहणाऱ्या ताई आणि वेबसाइट बनवणारा एक मुलगा.

भाऊंचा अख्खा दिवस फोनवर जातो, आणि तोही आकड्यांत. "बत्तीस लाखाची फाइल आहे, साडेआठनं बसते, वीस वर्षं धरा नं बावा." नेमक्या त्याच वेळी मी 16 मिलिमीटर जाडीचे 24 बार, लांबी 5.85 मीटर, असं मनात धरून बसलेली असते. वजन काढायला व्यासाचा वर्ग भागिले 162. म्हणजे 16 च्या बारचं मीटरला 1.58 किलो. तेवढ्यात "अठ्ठावीस" कानावर आलं की माझे 24 डळमळतात आणि ती ओळ पुन्हा पहिल्यापासून करावी लागते. याच यादीप्रमाणे साइटवर लोखंड कापतात. त्यावर कोणाचं तरी घर उभं राहणार असतं, त्यामुळे अंदाजाने पुढे जाणं माझ्या मनाला पटत नाही.

मला बरेच दिवस कळत नव्हतं की मे महिन्यात माझं काम सर्वांत नीट कसं होतं. मे म्हणजे बाहेर पंचेचाळीसच्या घरात पारा आणि आत तो मोठा लोखंडी कुलर गाडीसारखा घरघरतोय. हॉलमध्ये सगळ्यात जास्त आवाज तेव्हाच असतो. आणि ऑगस्टात कुलर बंद, खिडक्या लावलेल्या, सगळं शांत. तेव्हा मात्र भाऊंचा शब्द न् शब्द माझ्या यादीत शिरतो.

मग मी यावर वाचायला लागले. 1976 सालच्या एका प्रयोगात लोकांना अक्षरं क्रमाने लक्षात ठेवायला दिली होती आणि मागे त्यांना न कळणाऱ्या परक्या भाषेतलं बोलणं लावलं होतं. तरीही क्रम चुकत होता. नंतरच्या प्रयोगांत दिसलं की एकसुरी आवाजाचा असा त्रास फार होत नाही. क्षणाक्षणाला बदलणारा आवाज, आणि बोलणं तर तसंच असतं, हा क्रम मोडतो. तो मोठा की हलका, याने विशेष फरक पडत नाही. माझं काम तर सगळं क्रमाचंच. म्हणजे कुलर माझा वैरी नव्हता, तो भाऊंचं बोलणं झाकत होता.

ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांत व्यापारी भागासाठी दिवसाची मर्यादा 65 डेसिबल आहे. साधं बोलणं साठच्या आसपास भरतं. डेसिबल मोजून माझा प्रश्न सुटणार नव्हताच.

वेबसाइटवाल्या मुलाने त्याचे नॉइज कॅन्सलिंग हेडफोन वापरून पाहायला दिले. ते घातल्यावर कुलरची घरघर जवळजवळ गेली आणि भाऊ अधिकच स्पष्ट ऐकू यायला लागले! ही यंत्रणा आलेल्या लाटेची उलटी लाट तयार करते, आणि ते खालच्या पट्टीतल्या सलग आवाजाला चांगलं जमतं, माणसाच्या बोलण्याला तितकं नाही. त्यात पावसाचा आवाज लावला तेव्हा कुठे बरं वाटलं.

भाऊंना "हळू बोला" असं मी कधी म्हटलं नाही. फोन हेच त्यांचं पोट आहे, आणि कुजबुजीतले आकडेही मला तितकेच अडवतात. मी त्यांना बसवून काम दाखवलं, कॉलमची एक ओळ त्यांच्यासमोर मोजली. ते म्हणाले, "काहून नाही सांगितलं ताई आधी?" तेव्हापासून मोजणी सुरू झाली की मी साइटचं पिवळं हेल्मेट टेबलावर ठेवते. थंडीत हेल्मेट दिसलं की भाऊ फोन घेऊन गॅलरीत उन्हाला जातात, त्यांनाही ते आवडतं. उन्हाळ्यात भर दुपारी गॅलरीत माणसाला उभं करणं पाप आहे, पण तेव्हा कुलर असतो. अडचण पावसाळ्याची. तेव्हा आम्ही पंप बंद ठेवून नुसता कुलरचा पंखा चालवतो, आणि मोठ्या स्लॅबच्या याद्या मी सकाळी, बाकीचे यायच्या आधी उरकते.

आता मार्च लागला आहे. आजवर कुलर भाऊंच्या बाजूच्या खिडकीला असायचा. पण झाकणारा आवाज ऐकणाऱ्याच्या जवळ असला तर जास्त उपयोगी पडतो, म्हणून यंदा तो माझ्या खिडकीला लावायचं चौघांनी ठरवलं. ओलाव्याने ड्रॉइंगच्या प्रिंट लुळ्या पडतील, त्यासाठी प्लॅस्टिकची कव्हरं आणून ठेवली आहेत. कुलरच्या गवताच्या ताट्या बदलायला माणूस रविवारी येतो म्हणाला आहे.