कोंबड्या डालायची वेळ

दिवेलागणीच्या आधी अर्धा तास, कोंबड्या डालायच्या म्हणजे रात्रीसाठी कोंडायच्या वेळी, अंगणात त्यांची जी कुरबुर सुरू होते, ती भुकेची नसते. गळ्याखालची पिशवी दाण्यांनी टम्म भरलेली असते. भांडण असतं ते आज कुणी कुठं झोपायचं याचं.

गावरान कोंबडीला रात्री उंच जागा हवी. तिचा मूळ पूर्वज, लाल रानकोंबडा, आजही झाडावरच रात्र काढतो. त्यामुळे खुराड्यात नुसतीच जमीन असेल, तर ती शेवग्यावर किंवा गोठ्याच्या आढ्यावर जाऊन बसणारच. वर आपण तिलाच येडी म्हणतो!

म्हणून खुराड्यात तिला बसायला आडवा दांडा हवा. तो साधारण २ इंच जाडीचा, कडा तासलेला असावा. गुळगुळीत बांबूवर पंजा सरकतो. एका कोंबडीला ८-९ इंच जागा धरा आणि उंची दीड-दोन फूट पुरे. गिरिराजसारखी वजनदार जात उंचावरून रोज धपकन उतरली, तर तळपायाला इजा होऊन गळू धरतं. दांडे एकाखाली एक बांधू नयेत, खालचीच्या पाठीवर वरचीची शीट पडते. ते फूटभर अंतराने पायरीसारखे लावता येतात, पण मग वरच्या पायरीसाठी रोज टोचाटोची. सगळे एका उंचीला असले की निम्मी भांडणं मिटतात. तरीही कळपातली धाकटी टोकालाच, लोकलमधल्या चौथ्या सीटसारखी अर्धी बाहेर. आणि हो, अंड्यांची खोकी दांड्यापेक्षा खाली ठेवा, नाहीतर खोक्यातच झोपतात आणि सकाळी अंडी शिटेनं माखलेली मिळतात.

पिल्लांवरची कोंबडी मात्र दांड्याकडे बघतही नाही. कोपरा धरते, अंग फुगवते, पंख सैल सोडते आणि खर्जात कुर्र कुर्र करते. पिल्लं छातीखाली घुसतात. एखादं पंखातून डोकं काढून बघतं, मागून धक्का बसतो, पुन्हा आत. पहिल्या आठवड्यात त्यांना ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते आणि पिसं भरेपर्यंत, म्हणजे महिनाभर, आईवाचून रात्र अवघड. म्हणून त्यांना वेगळं डालावं: खाली २ इंच कोरडं भाताचं तूस, वर डालगं म्हणजे बांबूची पालथी टोपली, डालग्यावर दगड, कारण मांजर ते उलथवतं. पावसात जमिनीला ओल सुटते, तेव्हा तुसाखाली फळी हवीच. डालग्यावर गोणपाट टाकलं तरी एक बाजू उघडी राहू द्या.

पुढे दीड-दोन महिन्यांत एका संध्याकाळी आई सरळ दांड्यावर जाऊन बसते आणि खाली एकच कालवा होतो. तेव्हा ६ इंचांवर एक ठेंगणा दांडा किंवा तिरकी फळी लावावी. नाहीतर गारठ्यात पिल्लं कोपऱ्यात एकमेकांवर चढतात आणि तळातली गुदमरून मरतात.

झाडावर झोपायला सोकावलेली कोंबडी दिवेलागणीला हाकलत बसू नये. ती आणखी वरच्या फांदीवर जाते. पुरता अंधार पडू द्यावा. तिला तेव्हा जवळजवळ काहीच दिसत नाही, दोन्ही हातांनी अलगद उचलून दांड्यावर ठेवली की तशीच बसून राहते. चार-पाच दिवस खुराडं उशिरा उघडलं की घर तिच्या डोक्यात बसतं.

दार लावताना रोज मोजाव्यात. षटकोनी जाळी कोंबडीला आत ठेवते, उदमांजराला बाहेर ठेवत नाही. त्यासाठी अर्धा इंची वेल्डेड जाळी लागते. हवेची फट कोंबड्यांच्या डोक्याच्या वर असावी, अंगावर झोत नको.

आणि रोज आपणहून आत जाणाऱ्या कोंबड्या एकाएकी दारात अडून बसल्या, तर आधी साप बघावा, मग लाल उवा, म्हणजे रेड माइट नावाचे बारीक किडे. ते दिवसा फटीत दडतात आणि रात्री रक्त पितात. अंधारात दांड्याच्या खालच्या बाजूनं पांढरं फडकं पुसावं. तांबडे डाग उमटले, तर दुसऱ्याच दिवशी दांडे काढून उन्हात टाकावेत, तूस जाळावं आणि फटी बुजवून चुना मारावा.