पाहुण्यांसोबत कुत्रा आला तर? होमस्टेचा माझा अनुभव

‘आमचा कुत्रा आणला तर चालेल ना?’ दिवाळीनंतर बुकिंगचे फोन सुरू झाले की हा प्रश्न हमखास येतो. दापोली तालुक्यात समुद्राजवळ आमच्या दोन खोल्या आहेत. उत्तर ठरवताना मी कुत्र्याच्या जातीपेक्षा आधी फरशी पाहिली, मग गडगा (अंगणाभोवतीची दगडी भिंत), मग शेजार.

पुढच्या खोलीत जुना लाल कोबा आहे आणि कोबा मूत्र शोषतो. मूत्रातलं युरिक अ‍ॅसिड नुसत्या पाण्याने निघत नाही. त्याचे स्फटिक राहतात आणि पावसाळ्यात हवा दमट झाली की तोच वास पुन्हा उठतो. फिनेलने तो फक्त झाकला जातो. ब्लीच तर अजिबात ओतू नये, कारण मूत्रातल्या अमोनियाशी मिसळून घशाला झोंबणारा घातक वायू तयार होतो. एन्झाइमवालं क्लीनर वापरायचं: आधी कापडाने टिपायचं, चोळायचं नाही, मग डागापेक्षा मोठ्या भागावर सढळ ओतून आपोआप वाळू द्यायचं. घाईने पुसलं तर एन्झाइमला काम करायला वेळच मिळत नाही. लपलेले डाग शोधायला ३९५ नॅनोमीटरचा यूव्ही टॉर्च पुरतो. रात्री दिवे घालवून पाहिलं की मूत्र पिवळट चमकतं. कपड्यांच्या साबणाचे डागही चमकतात, पण निळसर; दोन्हींत गल्लत होते.

मागच्या खोलीत व्हिट्रिफाइड टाइल्स आहेत. टाइल शोषत नाही, सांधे शोषतात. म्हणून सिमेंटचे सांधे खरवडून इपॉक्सी ग्राउट भरून घेतलं, गाद्यांना चेन असलेली वॉटरप्रूफ कव्हरं घातली आणि फणसाच्या दाराला आतून कमरेएवढ्या उंचीपर्यंत अ‍ॅक्रिलिकचा पत्रा लावला. एकटा पडलेला कुत्रा नखं मारतो ती दारावरच, कडीच्या खाली. कुत्र्यांना परवानगी फक्त याच खोलीत. पुढची खोली दमेकरी आणि अ‍ॅलर्जीवाल्यांसाठी राखून ठेवली. पाहुण्यांची मांजरं दोन्ही खोल्यांत घेत नाही, कारण मांजराचं अ‍ॅलर्जन गादीत महिनोन्‌महिने टिकतं.

सगळ्यात जास्त डोकं खातात गोचिड्या. तपकिरी गोचिडीचं अख्खं जीवनचक्र घरातच होऊ शकतं. रक्त पिऊन फुगलेली मादी कुत्र्यावरून उतरते, भिंतीवर चढते आणि चौकटीमागच्या फटीत हजारो अंडी घालते. त्यामुळे नुसती फरशी पुसून भागत नाही. फटी लांबी (पुट्टी) भरून बुजवल्या. कुत्रा राहून गेला की चौकटी, पलंगाचे सांधे आणि भिंतीच्या कडेने व्हॅक्यूम फिरवून निघालेली धूळ पिशवीत बांधून लगेच बाहेर टाकतो. परमेथ्रिनचा फवारा मी टाळतो; आमची स्वतःची घरची मांजरं आहेत आणि त्यांना तो जीवघेणा ठरू शकतो. या कामाला वेळ लागतो, म्हणून कुत्रेवाल्या बुकिंगनंतर एक रात्र खोली रिकामी ठेवतो. खरा खर्च तो आहे, जास्तीच्या साबणाचा नाही. तो काढायला दर मुक्कामाला एक ठरावीक सफाई शुल्क घेतो. रात्रीप्रमाणे घेत नाही, कारण एक रात्र काय नि तीन काय, सफाई तेवढीच. एअरबीएनबीवरून आलेल्या बुकिंगमध्ये नुकसान झालं, तर चेक-आउटपासून १४ दिवसांच्या आत फोटोंसह मागणी नोंदवावी लागते. म्हणून पाहुणे येण्याआधी आणि गेल्यावर त्याच कोनातून फोटो काढतो. अंध किंवा अपंग पाहुण्याचा प्रशिक्षित सहायक कुत्रा तिथे पाळीव प्राण्यांत धरत नाहीत, त्याच्यावर शुल्क लावता येत नाही.

आता अंगण. जांभ्याचा तीन फुटी गडगा लॅब्रॅडॉरला काहीच नाही, आणि त्याच्या दगडांमध्ये फुरसं, म्हणजे विषारी साप, बसलेलं असू शकतं. कुत्रा तिथे आधी नाक घालतो. मागच्या खोलीपुरती पाच फुटी जाळी मारली, फाटकाखालची फट बुजवली. सूर्यास्तानंतर कुत्रा खोलीच्या आत, ही अट मी कुणासाठी सैल करत नाही. बाहेर बांधलेला कुत्रा म्हणजे बिबट्याला आयतं भक्ष्य. शेजारच्या कोंबड्या आणि गावची कुत्री यांच्यासाठी दिवसाही पट्टा. किनाऱ्यावर नोव्हेंबर ते मार्च ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी असतात. मोकळा कुत्रा वास काढत ती उकरतो, तेव्हा तिथेही पट्टाच. कुणाला चावला तर? भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ प्रमाणे प्राणी ज्याच्या ताब्यात, त्याने काळजी घ्यायची. निष्काळजीपणाला सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हे मी पाहुण्यांना आधीच लिहून पाठवतो. शेजाऱ्यांशी मात्र आपल्यालाच रोज बोलायचं असतं, त्यामुळे कुत्रा येणार असला की त्यांना आदल्या दिवशी सांगून ठेवतो.

फोनवर विचारायचं थोडकंच: रेबीजची लस कधी दिली (कार्डाचा फोटो मागवतो), गोचिडीचं औषध शेवटचं कधी, आणि एकटा राहिला तर भुंकतो का. तीन महिन्यांच्या आतलं पिल्लू घेत नाही. त्याची रेबीजची लस झालेली नसते आणि मुतण्याची शिस्तही. ‘घरी पलंगावर झोपतो का?’ हेही विचारतो. ‘नाही हो, कधीच नाही,’ असं उत्तर आलं तरी दोन जुन्या चादरी पलंगावर घालून ठेवतो.