जीवामृताची फवारणी: माझा एक दिवस नोझलपायी गेला

जीवामृत, म्हणजे पिकाला द्यायचं शेण-गोमूत्राचं आंबवलेलं पाणी, करायला काही अवघड नाही. 10 किलो शेण, 10 लिटर गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन, बांधावरची मूठभर माती आणि 200 लिटरच्या टिपाडात पाणी. सावलीत ठेवून सकाळ-संध्याकाळ काठीनं ढवळायचं, तिसऱ्या दिवशी तयार. हे सगळेच सांगतात. गाळायचं कसं ते कुणी सांगत नाही, आणि माझं घोडं तिथंच अडलं.

आष्टी तालुक्यातलं आमचं रान, कोरडवाहू हरभरा. फुलं लागायच्या बेतात होती. घाईघाईत टिपाड ढवळलं, फडक्यातून गाळलं, पंपात ओतलं. दोन ओळी झाल्या नि फवारा बंद. नोझल उघडलं तर आत बेसनाचा लगदा. तोंडानं फुंकलं, गोमूत्राची चव कळली. धुतलं, बसवलं, निघालो. दीड ओळ, परत बंद. असं पाच-सहा वेळा. धुवायला पाणी कुठलं? तर फवारणीसाठी विहिरीवरून डोक्यावर आणलेलंच. निम्मी घागर पंप धुण्यातच संपली तेव्हा डोकं फिरलं आणि बाभळीचा काटा घेऊन नोझलच्या भोकात घुसवला. भोक मोठं झालं. फवाऱ्याऐवजी धार. तसाच नवीन नोझल आणायला तालुक्याला गेलो. दुकानदार म्हणाला, "कशाला हा शेणाचा खटाटोप? एक बाटली न्या, मोकळे व्हा." दहा मिनिटं बाटल्याच दाखवल्या, नोझल शेवटी दिलं.

संध्याकाळी आईनं टिपाडात डोकावून पाहिलं. "ढवळून लगेच कशाला ओततोस रे? निवळू दे की रातभर."

सकाळी वरची निवळी तेवढी काढली, आईच्या जुन्या लुगड्याच्या चार पदरांतून गाळली, 100 लिटर पाण्याला 5 लिटर घातली. एकदाही तुंबलं नाही. खालचा गाळ लिंबाच्या बुडाला ओतला.

हो, आणि पंप शेजाऱ्याचा आणणार असाल तर आधी विचारा, त्यात तणनाशक मारलं होतं का. नुसतं विसळून ते जात नाही, हरभऱ्याचे शेंडे वाकडे होतात. फवारणी उन्हं कलल्यावरच करा, दुपारी पानावर थेंब टिकत नाही. आणि जमिनीत ओलच नसेल तर राहू द्या; माना टाकलेल्या पिकाला पानावरचं पाणी पुरत नाही. घाटे, म्हणजे हरभऱ्याच्या शेंगा, भरताना आंबट ताक मारलं, 200 लिटरला 5 लिटर. तेही लुगड्यातूनच गाळलं, लोण्याची कणी नोझलला बेसनापेक्षा वाईट.

उतारा गेल्या सालापेक्षा बरा आला. मधे एक अवकाळी सरही येऊन गेली होती, त्यामुळं सगळं श्रेय जीवामृताला देत नाही. आता शेजारी पंप मागायला येतात. पंप देतो, लुगड्याचा तुकडा देत नाही.