जुन्या बोट-इंजिनांचे सुटे भाग : आमची वाटचाल

आमची सुरुवात दुरुस्तीपासून झाली. इंजिन उघडायचं, खराब भाग बाहेर काढायचा, नवा बसवायचा. पण जुनं इंजिन समोर आलं की उघडायला जेवढा वेळ लागतो त्याच्या कितीतरी पट वेळ भाग मिळवण्यात जातो. कधी कंपनीने तो भाग बंद केलेला असतो, कधी कंपनीच उरलेली नसते. त्यामुळे भाग शोधून देणं हाच हळूहळू आमचा मुख्य धंदा झाला. या काळात कामाची पद्धत कशी घडत गेली ते इथे मांडतो आहोत. जुनं इंजिन जीव लावून चालवणाऱ्यांना यातलं बरंचसं स्वतःलाही करता येईल.

इंजिन किती जुनं आहे याला आम्ही आता फारसं महत्त्व देत नाही. ते किती बनलं होतं आणि कशापासून बनलं होतं हे आधी बघतो. युनिव्हर्सलचं ॲटॉमिक-४ हे पेट्रोल इंजिन १९८४ मध्ये बंद झालं, तरी त्याचे बहुतेक भाग आजही मिळतात, कारण ते मोठ्या संख्येने बोटींत बसलेलं होतं आणि भाग बनवणाऱ्यांना गिऱ्हाईक होतं. उलट थोडेच नग निघालेल्या, त्यामानाने नव्या मॉडेलचा एखादा मॅनिफोल्ड (सिलिंडरांतला धूर एकत्र करून बाहेर नेणारा ओतीव भाग) कुठेच सापडत नाही. जॉन्सन आणि एव्हिनरूड ही आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावायची इंजिनं बनवणारी आउटबोर्ड मरीन कॉर्पोरेशन डिसेंबर २००० मध्ये दिवाळखोरीत गेली, पुढे ती नावं बॉम्बार्डियरकडे गेली आणि २०२० मध्ये एव्हिनरूडचं उत्पादनही थांबलं. तरीसुद्धा त्या आउटबोर्डांची कार्ब्युरेटर किट आणि इम्पेलर (पंपातलं पाणी ढकलणारं रबरी पात्यांचं चाक) मिळणं हा आमच्याकडे अडचणीचा विषय नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे मूळ ब्लॉक, इंजिनाचा सिलिंडर असलेला मुख्य ओतीव सांगाडा. बोटीच्या आत बसणारं इंजिन बरेचदा बोटीसाठी जन्मलेलंच नसतं. पर्किन्स ४.२३६ घ्या. नावातच सगळं आहे: ४ सिलिंडर, २३६ घनइंच. हेच इंजिन मॅसी फर्ग्युसनच्या ट्रॅक्टरांत होतं. नानी आणि बीटा या कंपन्यांची इंजिनं कुबोटाच्या ब्लॉकवर, व्हेटसची बरीचशी मित्सुबिशीच्या, मर्क्रूझरची मोठी पेट्रोल इंजिनं जनरल मोटर्सच्या. म्हणून इंजिन आलं की आम्ही मागणीपत्रकाचे दोन भाग करतो. रिंगा, लायनर, बेअरिंग शेल, व्हॉल्व्ह, गाईड, टायमिंग चेन हा एक गट. हा ट्रॅक्टर किंवा औद्योगिक इंजिनांच्या पुरवठादाराकडे मिळून जातो. पाण्याचं जॅकेट असलेला मॅनिफोल्ड, हीट एक्स्चेंजर (समुद्राच्या पाण्याने इंजिनातलं पाणी थंड करणारा भाग), समुद्राच्या पाण्याचा पंप, एक्झॉस्ट एल्बो (धुरात पाणी सोडून दोन्ही बाहेर नेणारी वाकडी नळी), बेलहाउसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारं कवच) हा दुसरा गट. खरी शोधाशोध याच गटाची असते, कारण हे भाग बोटीसाठी इंजिन तयार करणाऱ्या कंपनीने स्वतः, कमी संख्येने बनवलेले असतात.

ब्लॉक एक आहे म्हणून वरचं सगळं एक आहे असं मात्र नाही, आणि इथे आम्ही कडक आहोत. पेट्रोल इंजिनाला मोटारीचा अल्टरनेटर, स्टार्टर, डिस्ट्रिब्युटर किंवा फ्युएल पंप आम्ही बसवत नाही, गिऱ्हाइकाने आणून दिला तरी नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती बोटीच्या तळाशी साचते. मोटारीत ती वाऱ्याने निघून जाते, बोटीत जायला वाटच नसते. बोटीसाठीच्या स्टार्टरची आणि अल्टरनेटरची रचना आतली ठिणगी बाहेरची वाफ पेटवणार नाही अशी केलेली असते. पडद्याच्या फ्युएल पंपाचंही तसंच. मोटारीच्या पंपाचा पडदा फाटला की पेट्रोल बाहेर ठिबकतं, बोटीच्या पंपाला दुहेरी पडदा असतो आणि झिरपलेलं पेट्रोल नळीने कार्ब्युरेटरकडे नेलेलं असतं. डिझेलमध्ये एवढा धोका नाही, पण तिथे फ्युएल इंजेक्शन पंपाची आणि गव्हर्नरची (वेग आवरणाऱ्या यंत्रणेची) सेटिंग ट्रॅक्टरपेक्षा वेगळी असते. दिसायला जुळा पंप लावला तर इंजिन चालू होतं, पण पूर्ण वेग देत नाही किंवा काळा धूर ओकतं.

सुरुवातीला आमची सगळी भिस्त पार्ट नंबरवर होती. आजही पहिली पायरी तीच, फक्त नंबर कसा वाचायचा हे नीट ठरलेलं आहे. इंजिनावरची पत्र्याची पाटी गेलेली असली तरी सिरियल नंबर बहुधा ब्लॉकवर ठोकलेला असतो. वायर ब्रशने रंग काढायचा, खडू चोळायचा, आकडे दिसतात. ओतलेले उठावदार आकडे वेगळे. ते ओतकामाचे असतात. एकाच साच्यातून आलेला ब्लॉक दोन वेगवेगळ्या बोअरला (सिलिंडरच्या आतल्या व्यासाला) कापला जाऊ शकतो, तेव्हा फक्त त्या आकड्यांवरून पिस्टन मागवू नये. नावामागचं अक्षरही सोडायचं नाही. यानमार २जीएम२० थेट समुद्राच्या पाण्याने थंड होतं, २जीएम२०एफ मध्ये आतलं पाणी गोडं आणि हीट एक्स्चेंजर वेगळा. पहिल्याचा थर्मोस्टॅट ४२ अंश सेल्सियसला उघडतो, दुसऱ्याचा ७१ला. खारं पाणी साधारण ६० अंशांच्या वर गेलं की क्षार जॅकेटमध्ये भराभर चिकटतात, म्हणून हा फरक. नुसतं "२जीएमचा थर्मोस्टॅट" एवढ्या मागणीवर आम्ही काहीच पाठवत नाही.

कंपन्या नंबर बदलत राहतात. जुना नंबर "उपलब्ध नाही" असं आलं की तिथेच थांबायचं नाही, त्याच्या जागी कोणता नंबर आला आणि त्याच्या जागी पुढे कोणता, ही साखळी शेवटपर्यंत बघायची. यानमारच्या नंबरात सहा आकडे, मग डॅश, मग पाच आकडे असतात. पहिले सहा आकडे बहुधा तो भाग मुळात ज्या इंजिनासाठी काढला त्याच्याशी जोडलेले असतात, त्यामुळे तुमच्या इंजिनाचा भाग भलत्याच मॉडेलच्या यादीत सापडतो.

पण धंदा खऱ्या अर्थाने सुटला तो मापांमुळे. इंजिन कंपनीच्या नंबराखाली मिळणारे कितीतरी भाग हे बाजारातले सरळ, प्रमाणित भाग असतात. पंपातलं बेअरिंग पुसून बघा. ६२०४ असं लिहिलेलं असेल तर आतला व्यास २० मिमी, बाहेरचा ४७, रुंदी १४. ६२०३ म्हणजे १७, ४०, १२. पुढे २आरएस असेल तर दोन्ही बाजूंना रबरी सील. ऑइल सीलवर २५×४२×७ असं कोरलेलं असतं: शाफ्ट, हाउसिंग, जाडी. अक्षरं गेली असतील तर सील मोजू नका, शाफ्ट आणि हाउसिंग मोजा, कारण जुनं सील आकसलेलं नाहीतर फुगलेलं असतं. समुद्राच्या पाण्याकडच्या सीलची स्प्रिंग स्टेनलेसची मागायची, साधी स्प्रिंग गंजून तुटते. जुळ्या इंजिनांच्या बोटीत एक इंजिन उलट फिरणारं असेल तर सीलच्या ओठावरच्या तिरप्या रेषांची दिशाही बघायची. चुकीच्या दिशेचं सील तेल आत ढकलण्याऐवजी बाहेर काढतं.

आट्यांच्या बाबतीत घाई अजिबात नको. ब्रिटिश व्हिटवर्थचा कोन ५५ अंश, अमेरिकन यूएनसीचा ६०. पाव इंचापासून ७/१६ इंचापर्यंतच्या नेहमीच्या मापांत दोन्हींना इंचामागे आटे सारखेच, त्यामुळे बोल्ट जातो आणि बरोबर आहे असं वाटतं, पण पकड अर्धवट मिळते. अर्ध्या इंचाला मात्र व्हिटवर्थचे १२ आणि यूएनसीचे १३, तिथे चूक लगेच कळते. पाइपच्या आट्यांतही हीच गोम आहे. अर्धा आणि पाऊण इंचाला ब्रिटिश बीएसपी आणि अमेरिकन एनपीटी दोन्हींना इंचामागे १४, पाव इंचाला १९ आणि १८. थ्रेड गेज लावून कोन बघायला चार आटे पुरतात.

इम्पेलरवर थोडं जास्त लिहितो, कारण सगळ्यात जास्त मागणी त्याची. जुना इम्पेलर मोजून नवा मागवला की फसगत होते. त्याची पाती एका बाजूला वाकून बसलेली असतात, व्यास कमीच भरतो. त्यापेक्षा पंपाच्या बॉडीचा आतला व्यास कॅमच्या (पाती वाकवणाऱ्या आतल्या उंचवट्याच्या) समोरच्या बाजूला मोजा, बॉडीची खोली मोजा, शाफ्टचा व्यास मोजा, पाती किती ते मोजा आणि ड्राइव्ह कसला आहे ते बघा: पिन, चावी, स्प्लाइन की सपाट कड. एवढ्या पाच गोष्टी कळल्या की जॅबस्को, जॉन्सन पंप (आउटबोर्डवाली जॉन्सन नव्हे) किंवा शेरवूड या पंप कंपन्यांच्या तक्त्यात तो बसतोच. समुद्राच्या पाण्याला निओप्रीन, तेलकट पाण्याला नायट्राइल. बसवताना ग्लिसरीन किंवा साबणाचं पाणी वापरा, ग्रीस नको. नवा इम्पेलर घालूनही पाणी कमी पडत असेल तर पुढच्या झाकणावर नखाला लागेल अशी गोल चरी पडली आहे का बघा. झाकण पलटून लावता येत असेल तर पलटा, मागची वेअर प्लेट आणि कॅमही तपासा. दोन सीलमधलं बारीक छिद्र कधीही बुजवू नका. तिथून पाणी ठिबकतंय याचा अर्थ सील गेलं आहे. ते बंद केलं तर तेच पाणी बेअरिंगमध्ये, आणि काही पंपांत थेट इंजिनच्या तेलात जातं. पातं तुटलं असेल तर त्याचा तुकडा सापडेपर्यंत काम संपत नाही. तो बहुधा हीट एक्स्चेंजरच्या तोंडाशी अडकलेला असतो.

रिंगा आणि शेल मागवण्याआधी इंजिन कुठल्या मापावर आहे हे ठरवायला लागतं. जुनं इंजिन एकदा तरी बोअर झालेलं, म्हणजे सिलिंडर कापून मोठा केलेला, असण्याची शक्यता मोठी. पिस्टनच्या डोक्यावर ०.५० (मिमी) किंवा ०२० (इंचाचे हजारांश) असा वाढीव मापाचा शिक्का शोधा, बेअरिंग शेलच्या पाठीवर एसटीडी (मूळ माप), ०१० किंवा ०२० असतं. शिक्का नसेल तर बोअर अगदी वरच्या कडेला मोजा. रिंगा तिथवर पोचत नाहीत, म्हणून मूळ माप तिथे जसंच्या तसं राहतं. खाली जिथे घर पडलं आहे तिथलं माप झीज सांगतं. रिंग बोअरमध्ये सरळ बसवून फटीत फीलर गेज घालायचं. मॅन्युअल हाताशी नसेल तर दर २५ मिमी बोअरमागे साधारण ०.१ मिमी हा आमचा पहिला अंदाज.

पेटीबंद जुना माल मिळाला की आनंद होतो, पण त्यात काय घ्यायचं याचे नियम आम्ही पक्के केले आहेत. गिअर, शाफ्ट, व्हॉल्व्ह, पिस्टन, ग्रीस लावून ठेवलेल्या रिंगा खुशाल घ्या. रबर आणि कॉर्क घेऊ नका, पेटी कितीही कोरी असली तरी. भंगारातलं इंजिन भागांसाठी घ्यायचं असेल तर आधी एक कोअर प्लग (ब्लॉकमधल्या पाण्याच्या जागेवरचं गोल झाकण) काढून आत स्क्रू ड्रायव्हरने खरवडा. गंजाचे पापुद्रे निघत असतील तर खाऱ्या पाण्यावर चाललेल्या त्या ब्लॉकचा आणि हेडचा भरवसा धरू नये. टायमिंग कव्हर, रॉकर, फ्लायव्हील, ब्रॅकेट, संप यांसाठी तेच इंजिन सोन्यासारखं.

जे कुठेच मिळत नाही ते बनवून घ्यायला आम्ही नंतर सुरुवात केली. इथे पहिला अडथळा म्हणजे जुनाच भाग पॅटर्न म्हणून वापरण्याचा मोह. ओतलेला धातू थंड होताना आकसतो: बीड सुमारे १ टक्का, गनमेटल दीड टक्क्याच्या आसपास. ३०० मिमी लांबीचा बिडाचा मॅनिफोल्ड असा केला तर तो ३ मिमी आखूड येतो आणि टोकाची भोकं स्टडवर बसत नाहीत. म्हणून पॅटर्न तेवढा मोठा, आणि जिथे मशीनिंग होणार तिथे २ ते ३ मिमी जादा. समुद्राच्या पाण्याला लागणाऱ्या भागासाठी पितळ वापरत नाही. त्यातलं जस्त निघून जातं, धातू गुलाबी दिसू लागतो आणि चिमटीत भुगा होतो. आम्ही ८५ टक्के तांबं आणि कथील, शिसं, जस्त प्रत्येकी ५ टक्के असलेलं गनमेटल घेतो.

एक्झॉस्ट एल्बो ३१६एल स्टेनलेसमध्ये वेल्डिंग करून बनतो. जुना कापूनच बघतो, कारण आतली नळी किती पुढे गेली आहे हे बाहेरून कळत नाही. ती पाण्याच्या तोंडाच्या पुढे जायलाच हवी आणि तिथून पुढे उतार हवा, नाहीतर इंजिन बंद झाल्यावर पाणी उलट सिलिंडरमध्ये शिरतं. एल्बोत पाणी सोडण्याची जागा बोटीबाहेरच्या पाणपातळीपेक्षा १५ सेंमी तरी वर नसेल तर सायफन तोडणारा व्हॉल्व्ह लावल्याशिवाय आम्ही एल्बो देत नाही.

काही गोष्टी आम्ही बनवत नाही. हेड गॅस्केट, कनेक्टिंग रॉडचे बोल्ट आणि इंधन फवारणारे नोजल. थर्मोस्टॅटच्या झाकणाचं पॅकिंग अर्ध्या मिलीमीटरच्या कागदातून हाताने कापता येतं, हेडचं नाही, कारण त्याच्या जाडीवर पिस्टन आणि हेडमधलं अंतर ठरतं. नोजलखालचे तांब्याचे वॉशरही एकावर एक दोन घालू नयेत, नोजलचं टोक वर येतं आणि फवारा भलतीकडे पडतो. फ्युएल इंजेक्शन पंपाच्या बुडाखालची शिम (पातळ पत्र्याची पट्टी) तर मोजून, नाव लिहून पिशवीत ठेवावी. कित्येक इंजिनांत तिच्या जाडीवरच फवारणीची वेळ ठरते.

आता आमच्याकडे मागणी येते तेव्हा आम्ही चार गोष्टी मागतो: ठोकलेल्या सिरियल नंबराचा फोटो, जुन्या भागाचा दोन बाजूंनी पट्टी शेजारी ठेवून काढलेला फोटो, तो जिथे बसतो त्या जागेची व्हर्नियरने घेतलेली मापं, आणि इंजिन सरळ फिरतं की उलट. गिअरबॉक्सच्या डँपर प्लेटसाठी (इंजिनाचे हिसके झेलणाऱ्या चकतीसाठी) स्प्लाइनचे दात आणि बोल्टच्या वर्तुळाचा व्यास वेगळा. नवा भाग बसून इंजिन भारावर चालेपर्यंत जुना टाकू नका असंही लिहून पाठवतो. प्रत्येक भागाची मापं, पर्यायी नंबर आणि तो आणखी कुठल्या इंजिनात बसला याची नोंद आमच्या वहीत आणि संगणकावर दोन्हीकडे होते. कोणी नुसती मापं मागितली तरी ती देतो.