तुम्ही विचारलंत म्हणून: प्लास्टिकनं मासोळी वांझ होते का?

मी साकोलीकडच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते, म्हणून मासे हे माझंच खातं असं गावानं धरून ठेवलंय. बाजारात, लग्नात, एसटीत, कुठंही प्रश्न येतो: "मॅडम, तलावातली रोहू अंडी टाकत नाही जी. प्लास्टिकनं वांझ झाली म्हन्ते, खरं हाय का?"

रोहूपुरतं सांगायचं तर, नाही. रोहू, कतला, मिरगल यांना अंडी घालायला पावसाळ्यातलं चढतं, वाहतं पाणी लागतं. साचलेल्या तलावात ते वाढतात, पण वीण होत नाही. म्हणून तर १९५७ साली हिरालाल चौधुरींनी माशांना पियूषिका ग्रंथीचा अर्क टोचून अंडी घालायला लावली, याचं एवढं कौतुक. १० जुलैला मत्स्यशेतकरी दिवस असतो तो त्याचाच. मच्छीमार सोसायटीला पिशवीतून बीज, म्हणजे माशांची बारीक पिल्लं, येतात ती या शोधामुळं. प्लास्टिकचा यात संबंध असलाच तर त्या पिशवीपुरता.

पण म्हणून प्लास्टिक निर्दोष ठरत नाही. पीव्हीसी हे प्लास्टिक मुळात कडक. त्याला मऊ करायला थॅलेट गटातली तेलकट रसायनं मिसळतात, कधी वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी. ती प्लास्टिकला रासायनिक बंधानं जोडलेली नसतात. वडा ठेवलेल्या कागदाला तेल सुटावं तशी हळूहळू बाहेर येतात, उन्हात जास्त.

माशाच्या पोटात काय बिघडतं? अंड्यातल्या बलकाचं प्रथिन, व्हायटेलोजेनिन, मादीच्या यकृतात बनतं आणि रक्तातून अंडाशयात जातं. यकृताला हुकूम देतं ते इस्ट्रोजेन, मादीचं हार्मोन. नराच्या यकृतालाही हे काम येतं, फक्त त्याला हुकूम मिळत नाही. बाहेरच्या रसायनानं खोटा हुकूम दिला की नर बलक बनवायला लागतो. बिस्फेनॉल ए हे प्लास्टिकातलंच दुसरं रसायन हे काम करतं. थॅलेटची चाल जरा वेगळी. इटलीतल्या संशोधकांनी २०१० साली झेब्राफिशच्या माद्या (मासा आपल्याच देशातला, प्रयोगशाळा जगभरच्या) तीन आठवडे डीईएचपी या थॅलेटमध्ये ठेवल्या, लिटरला ०.०२ ते ४० मायक्रोग्रॅम. अंडी नीट पिकेनात, पिल्लांची संख्या घसरली.

व्हॉट्सअॅपवर 'अख्ख्या तळ्यातले मासे संपले' म्हणून जो प्रयोग फिरतो, तो मात्र थॅलेटचा नाही. कॅनडातल्या एका तळ्यात २००१ पासून तीन उन्हाळे गर्भनिरोधक गोळीतलं कृत्रिम इस्ट्रोजेन सोडलं होतं. तिथं नरांच्या वृषणात अंडपेशी दिसल्या आणि एका छोट्या माशाची संख्या जवळजवळ शून्यावर आली. गोळीतल्या त्या हार्मोनपुढं थॅलेट फारच दुबळं. शिवाय मासा थॅलेट पचवून बाहेर टाकतो, जिवाणूही ते तोडतात. उरलेलं गाळाला धरून बसतं, म्हणून गाळात वावरणाऱ्या आणि तलावातच विणाऱ्या मरळ-शिंगीची मला रोहूपेक्षा जास्त काळजी. पण एवढ्या मोठ्या तलावातली दोन-चार प्लास्टिकची पोती पाहून जेवणातला रस्सा सोडू नका.

माझी खरी भीती फ्लेक्सची आहे. आपल्याकडं बारा महिने कुणाचा ना कुणाचा वाढदिवस असतो, आणि चौकातला फ्लेक्स उतरला की तो घरी जातो: कुडाच्या भिंतीला, गोठ्यावर, धानाच्या गंजीवर. आता बीज आणलं की बोडीच्या, म्हणजे छोट्या तळ्याच्या, काठी खड्डा खणून त्यातही अंथरतात. मी पाहिलाय असा खड्डा. कमरेइतकंही पाणी नाही, वरून ऊन, तळाशी हात जोडलेले भाऊ आणि त्यांच्या मिशीवरून फिरणारी जिऱ्याएवढी पिल्लं. हाताला कोमट लागणारं ते पाणी, आणि फ्लेक्सचा तो वास. फ्लेक्स म्हणजे कापडावर चढवलेलं मऊ पीव्हीसीच.

इतक्या लहान पिल्लाचं नर की मादी हे शरीरात अजून ठरायचं असतं. जननग्रंथी कच्ची असते आणि हार्मोनच्या इशाऱ्यावर एका वाटेला लागते. मोठ्या माशाला चुकीचा इशारा गेला तर तो बंद झाल्यावर सावरायला वाव असतो. या वयातली खोट जन्मभर राहू शकते. त्यात पाणी थोडं, साचलेलं, गरम, आणि चहूबाजूंनी फ्लेक्स. तलावात जे विरून गेलं असतं ते इथं पिल्लांभोवतीच राहतं.

शेततळ्याचा काळा कागद चालतो का, हे लगेच विचारलं जातं. तो बहुधा पॉलिथिनचा असतो. पॉलिथिन स्वभावानंच लवचीक, त्याला थॅलेट लागत नाही. नुसता मातीचा, चोपून घेतलेला खड्डा असेल तर उत्तमच. आणि तलावातच जाळीचा हापा बांधून बीज सांभाळता आलं तर खड्डाच नको.

"फ्लेक्स दोनदा धुऊन घेतला तं?" असं परवा एका काकांनी विचारलं. धुऊन वरची धूळ जाते, काका, थोडीफार शाई जाते. मऊ करणारं तेल आतल्या थरात असतं, ते येतच राहतं. गोठ्यावर टाका, सरपणावर टाका. बीजाखाली नको.