तडे बुजवण्याआधी : अमळनेरच्या घराचा माझा अनुभव

खानदेशात घर घेताना भिंतीआधी जमीन बघावी, हे आमच्याकडचा कुठलाही जुना मिस्तरी सांगेल. तापी-बोरीच्या पट्ट्यातली काळी माती कापसाला सोनं, पण पायाला वैरी. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते आणि पारा ४५च्या आसपास गेला की आकसते. मग शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा जमिनीवर घर बांधायचं तर पाया ही माती ओलांडून खाली मुरमापर्यंत न्यायचा, जोत्यात मुरूमच भरायचा आणि भिंतीलगत पाणी मुरू द्यायचं नाही. आमच्या घराच्या बाबतीत यातलं काहीच झालं नव्हतं. ते सिद्ध करून पाया दुरुस्त करून घेईपर्यंत काय काय करावं लागलं, ते सविस्तर लिहिते. आमच्या भागात असे तडे घरोघर दिसतात, आणि बहुतेक ठिकाणी लोक पुट्टी मारून गप्प बसतात.

आमची सहा रो-हाउसची छोटी स्कीम. घर २६ लाखांना घेतलं. दुसऱ्या उन्हाळ्यात मागच्या खोलीच्या खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून एक तिरका तडा निघाला. खाली बारीक, वर रुंद. पुढे तसाच एक स्वयंपाकघरात दिसला आणि मागचं दार चौकटीत अडकायला लागलं. बिल्डर म्हणाला, "ताई, प्लास्टर सुकताना चिरा येतातच. पोरगा पाठवतो, पुट्टी मारून कलर करून देईल." पोरगा आलाही, बादली घेऊन. मी त्याला हात लावू दिला नाही.

या सगळ्यात सर्वात महत्त्वाचं मला हेच वाटतं. पुट्टी मारली की पुरावा गेला. आम्ही प्रत्येक तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने आडवी रेघ मारून शेजारी तारीख लिहिली. तडा पुढे सरकला की नवी रेघ, नवी तारीख. शेजारच्या निवृत्त नानांनी आणखी एक उपाय सांगितला. काचेची पातळ पट्टी तड्यावर आडवी ठेवून दोन्ही टोकं प्लास्टर ऑफ पॅरिसने पक्की करायची. भिंत हलली तर काच तडकते. आमच्या दोन पट्ट्या पावसाळा सुरू होताच तडकल्या. फोटो काढताना तड्याला फुटपट्टी लावायची, म्हणजे रुंदी दिसते. एका जागी तड्याभोवतीचं वीतभर प्लास्टर काढून बघितलं, तर तडा विटेतून आरपार गेलेला होता. प्लास्टरची चीर विटेत शिरत नाही. बिल्डरचं म्हणणं तिथेच खोटं पडलं.

घर बांधायला होता असा एक म्हातारा मिस्तरी भेटला. तो अहिराणीत सरळ म्हणाला, "हाई काळी माटी शे ताई. पाणी पिस नि फुगस, उन्हाळामा फाटस." पण मिस्तरीच्या बोलण्यावर केस उभी राहत नाही. त्यासाठी स्ट्रक्चरल इंजिनियर लागतो. जळगावहून एकांना बोलावलं. त्यांनी मागच्या कोपऱ्यातल्या कॉलमला लागून चाचणी खड्डा घ्यायला लावला. चार फुटांवर फुटिंगचा, म्हणजे कॉलमखालच्या काँक्रीटच्या पायाचा, तळ लागला आणि त्याखालीही चिकट काळी मातीच होती. मुरूम आणखी बराच खाली. जोत्यातली भरणी थोडी उकरली, तर पायाच्या खोदाईतून निघालेली तीच काळी माती आत ढकललेली. त्या मातीचा नमुना प्रयोगशाळेत जाऊन ती किती फुगते याची चाचणी झाली. भारतीय मानक २७२०च्या चाळिसाव्या भागात ही चाचणी आहे. खर्च जास्त नाही, पण कागदावर आकडा येतो, आणि पुढे त्या आकड्याशी वाद घालणं अवघड जातं.

मग प्रश्न आला, नकाशात काय होतं? माहिती अधिकार कायदा, २००५खाली नगरपरिषदेकडे अर्ज केला. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. मंजूर नकाशा, इंजिनियरने दिलेला स्थैर्याचा दाखला आणि भोगवटा प्रमाणपत्र यांच्या प्रती मिळाल्या. पायाच्या ड्रॉइंगवर स्पष्ट लिहिलं होतं की फुटिंग कठीण मुरमावर टेकवावं. म्हणजे कागदावर एक आणि जमिनीत दुसरं. आमची सगळी केस या एका ओळीवर उभी राहिली.

कुठे जायचं, यावर घरात बराच खल झाला. सगळे म्हणत होते, रेरात जा, म्हणजे बिल्डरांवर नियंत्रण ठेवणाऱ्या स्थावर संपदा प्राधिकरणाकडे. रेरा कायद्याचं कलम १४(३) खरोखर चांगलं आहे. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष लेखी कळवला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा, नाहीतर भरपाई द्यायची. पण ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जागेवरच्या किंवा आठपर्यंत घरांच्या प्रकल्पाला रेरा नोंदणीची सक्ती नाही. आमची घरं सहाच, नोंदणी क्रमांकच नव्हता. तालुक्याच्या गावांतून अशाच छोट्या स्कीम जास्त उभ्या राहतात, त्यामुळे रेराचा आधार आपल्याला आहे का, हे घर घेण्याआधीच बघायला हवं. आम्ही जळगावच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाचा रस्ता धरला.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९मध्ये सेवेच्या व्याख्येत घरबांधणी स्पष्ट लिहिलेली आहे. घरबांधणी ही सेवाच आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात सांगून टाकलं. तरीही समोरच्या वकिलांनी हा मुद्दा काढलाच, की ही तर स्थावर मालमत्तेची खरेदी, यात ग्राहक कुठून आला. आमच्या वकिलांनी तो निकाल पुढे ठेवला. ५० लाखांपर्यंत किंमत दिलेली प्रकरणं जिल्हा आयोगात चालतात आणि आमच्या रकमेला तक्रारीचं शुल्क फक्त १००० रुपये होतं. तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, हेही नव्या कायद्यात आलं. एक गोष्ट मात्र डोळ्यांत तेल घालून बघावी, मुदत दोन वर्षांची आहे. सबळ कारण असेल तर आयोग उशीर माफ करू शकतो, पण त्या भरवशावर राहू नये. बिल्डर "दिवाळीनंतर बघू" म्हणत राहतो आणि तारीख निघून जाते.

आधी वकिलांमार्फत नोटीस दिली. त्यात इंजिनियरचा अहवाल, माती-चाचणीचा कागद आणि पायाचं ड्रॉइंग जोडलं. मागणी एकच ठेवली, पाया मुरमापर्यंत नेऊन दुरुस्त करा. उत्तरात त्यांनी आमच्यावरच ढकललं, की तुम्ही भिंतीलगत झाडं लावली, पाणी घातलं. शिवाय खरेदीखतात "जसे आहे तसे" लिहिलंय, असंही. मग तक्रार दाखल केली. सोबत प्रतिज्ञापत्र, खरेदीखत, पैसे दिल्याचे बँकेचे उतारे, फोटो. मोबाइलवरच्या फोटोंसाठी भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३च्या कलम ६३खालचं प्रमाणपत्र वकिलांनी जोडलं. पेन्सिलीच्या तारखा दिसणारे फोटो ओळीने लावल्यावर तडा कसा सरकत गेला, ते कुणालाही समजत होतं.

समोरच्या पक्षाला उत्तरासाठी ३० दिवस, फार तर आणखी १५. यापुढे मुदत वाढवता येत नाही, असा २०२०चा घटनापीठाचा निकाल आहे. त्यामुळे उत्तर वेळेत आलं. पुढच्या तारखा मात्र लांबल्या. अमळनेरहून धरणगावमार्गे गाडीने जळगावला जायचं, दुपारपर्यंत पुकाऱ्याची वाट बघायची आणि पुढची तारीख घेऊन परत यायचं. नोकरीवर रजा टाकून हे करणं सोपं नाही, आणि याबद्दल मला राग आहे. कायद्यात तीन महिन्यांत, चाचणी लागली तर पाच महिन्यांत निकाल द्यावा असं लिहिलंय. तसं झालं नाही.

आम्ही तज्ज्ञ पाहणीसाठी अर्ज दिला. आयोगाने एका सिव्हिल इंजिनियरची कमिशनर म्हणून नेमणूक केली, फी आम्ही भरली. दोन्ही पक्षांसमोर पुन्हा खड्डा घेतला गेला. बिल्डर स्वतः काठावर उभा होता. टेपने खोली मोजली, फुटिंगखालची माती त्याच्यासमोर पिशवीत भरून पंचांच्या सह्या झाल्या. त्या दिवशी झाडांचा विषय पुन्हा निघाला नाही.

अहवाल आल्यावर आयोगाने मध्यस्थीबद्दल विचारलं. कलम ३७प्रमाणे पहिल्या सुनावणीला किंवा नंतर कधीही प्रकरण मध्यस्थीकडे पाठवता येतं, दोघांची लेखी संमती हवी. घरात मतभेद झाले. यजमान म्हणाले, पैसे घेऊन मोकळे होऊ. माझं मत वेगळं होतं. पैसे घेतले तर पायाखालचं काम करणारा माणूस आपल्यालाच शोधावा लागणार, आणि ते चुकलं तर दाद कुणाकडे मागायची? पुराव्याआधी मध्यस्थीला बसलो असतो तर पुट्टी आणि वरखर्चावर बोळवण झाली असती. आता आमची बाजू भक्कम होती.

तडजोडीत ठरलं ते असं. आमच्या इंजिनियरच्या देखरेखीखाली मागच्या बाजूच्या फुटिंगखाली टप्प्याटप्प्याने, एका वेळी एकच, मुरमापर्यंत काँक्रीट भरायचं. जोत्यातली काळी माती काढून मुरूम धुम्मस करून, म्हणजे ठोकून घट्ट बसवत, भरायचा. भिंतीभोवती पाच फुटी फरशी बाहेरच्या उतारावर करायची, म्हणजे पावसाचं पाणी पायाशी थांबणार नाही. विटांतले तडे सळया घालून शिवायचे. आमचा तपासणीचा आणि वकिलांचा खर्च बिल्डरने द्यायचा. काम झाल्यावर एक पूर्ण पावसाळा आणि एक उन्हाळा तडे पुन्हा बघायचे, तोवर बिल्डरची ठरलेली रक्कम हमी म्हणून आयोगात जमा राहील, ही अट मी हट्टाने घातली. तडजोडीवर आयोगाने आदेश काढला, त्यामुळे ती नुसती चिठ्ठी राहिली नाही. आदेश मोडला तर कलम ७२खाली किमान एक महिना ते तीन वर्षं कैद किंवा २५ हजार ते एक लाख दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

काम उन्हाळ्यातच उरकलं. घरात राहूनच धूळ आणि घणांचे आवाज सोसले. मागचं दार आता घासत नाही. नव्या काचपट्ट्यांनी पावसाळा काढला, उन्हाळ्याची पाहणी बाकी आहे, त्यामुळे रक्कम अजून आयोगातच आहे.

आमच्या ओळीतल्या दोन घरांनाही तसेच तडे आहेत. त्यांना मी पायाच्या ड्रॉइंगची प्रत, आमच्या कमिशनरचा अहवाल आणि वकिलांचा नंबर दिला. एकांनी तक्रार दाखल केली. दुसऱ्यांची मुदत जवळ आलीय, त्यांनी भिंतीवर पेन्सिलीने पहिली तारीख टाकलीय आणि या आठवड्यात नोटीस जाणार आहे.